रिलीफच्या जागी कम्फर्ट

झाशीच्या ज्या वकिलांचे अर्ज इंग्रजीतून अलाहाबादच्या हायकोर्टात जायचे, त्यांना खंडेराव गेटाजवळच्या सरवटे बहनजी ठाऊक नसल्या तर नवल. कापडाच्या दुकानावरची माडी, अरुंद जिना, वर एक लांबट खोली, आणि खिडकीकडे पाठ करून बसलेली उंच, हडकुळी बाई. डोळे शेजारी टेकवलेल्या मसुद्यावर आणि बोटं आपली आपण चाललेली. वकिलाचं अक्षर कितीही किरटं असो, भानुमतीबाई मान वर न करता पान उतरवून काढायच्या. टाइप करताना कागदाकडे किंवा पडद्याकडे बघत बसणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात, मचमच करत जेवणाऱ्याबद्दल असावी तितकीच आस्था होती.

घराणं जुनं. पूर्वज कधीकाळी दप्तराच्या कामावर कोकणातून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि राग आला की बुंदेली, अशी त्यांची भाषेची वाटणी होती. लग्न झालं नव्हतं. वडील गेल्यावर आईला सांभाळायचं म्हणून त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात टाइपरायटर मांडला, तो चुलतभाऊ दिवाकरच्या भागीदारीत. काही वर्षं ठीक चाललं, व्हरांड्यातून बस्तान या माडीवर आलं. मग एकेक वकील दिसेनासा झाला. चौकशी केली तर कळलं, दिवाकरनं पलीकडच्या गल्लीत स्वतःचं वेगळं दुकान थाटलं होतं आणि बहनजींची नजर कमी झाली आहे, असं तो ज्याला त्याला हळहळून सांगत होता.

तेव्हापासून संशय भानुमतीबाईंच्या घरातलाच एक माणूस होऊन राहिला. चहाला खाली उतरतानासुद्धा त्या मसुदे उपडे ठेवायच्या. वापरलेला कार्बन पेपर बारीक फाडून चुलीत घालायच्या. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की बोटं थांबायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाइपरायटरचे दिवस सरत आले. ग्वाल्हेरचं एक ऑफिस बंद होत होतं, तिथून त्यांनी जुना कम्प्युटर आणला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि चालू असताना सगळी खोली भरून टाकणारा करकरता प्रिंटर. बसवायला आलेल्या माणसानं लिहिण्यासाठी एडिटर घालून दिला आणि वर, मिठाईच्या पुड्यासारखी फुकटात, इंग्रजीची एक डिक्शनरीही दिली. तिची तऱ्हा वेगळी होती. मशीन लावल्यावर आधी ती सुरू करायची. पडद्यावर काही न दाखवता ती मशीनच्या मेमरीत जाऊन बसायची. मग एडिटर उघडून लिहायला लागायचं. मध्येच एखाद्या शब्दाशी अडलं की दोन कळा दाबायच्या, लगेच मजकुराच्या वर एक चौकट यायची आणि त्या शब्दाच्या अर्थाचे दुसरे शब्द तिथं रांगेनं उभे राहायचे. पण त्या मशीनची मेमरी ती केवढीशी. डिक्शनरी आणि एडिटर दोन्ही आत गेले की लांबलचक अर्ज मावायचा नाही. मग मशीन बंद करून, डिक्शनरी न घेता पुन्हा लावावी लागायची.

भानुमतीबाईंनी ती डिक्शनरी कधी उघडलीच नाही. स्पेलिंगसाठी मशीनला विचारायचं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे.

काम वाढलं तेव्हा त्यांनी मदतीला स्नेहलता जाधवला ठेवलं. ती मूळची साताऱ्याकडची. नवरा नामदेव फौजेत हवालदार होता. आधी झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत होता आणि मग त्याची तुकडी सरहद्दीकडे गेली. सासरी परत जाण्यापेक्षा इथंच राहावं म्हणून स्नेहलतानं ओरछा गेटाच्या वस्तीत खोली घेतली होती. साताऱ्याला तिनं कम्प्युटरचा कोर्स केला होता. टाइप ती सावकाश करायची, एकेका अक्षराकडे बघत, पण छापलेल्या पानातलं चुकलेलं स्पेलिंग हेरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इंग्रजी शब्दांचे अर्थ मात्र जेमतेम कळायचे, म्हणून सकाळी मशीन तिनं लावली की डिक्शनरी आधी आत घालून ठेवायची आणि अडलं की तिला विचारायची.

सुरुवातीला भानुमतीबाईंना ती आवडली. रेडिओवर ऐकू यावी तशी तिची मराठी कानाला गोड लागायची. एकदा मात्र वीज गेल्यावर त्या सवयीनं म्हणाल्या, "लाईट चालली गेली," आणि स्नेहलताला हसू आवरलं नाही. मनात काही नव्हतं तिच्या. पण भानुमतीबाईंनी ते हसू कुठंतरी आत जपून ठेवलं.

पहिला दणका बसला तो रिछारिया वकिलांकडून. नोकरीच्या भांडणांचे अर्ज हे त्यांचं मुख्य काम, आणि भानुमतीबाईंचं निम्मं दुकान त्यांच्यावरच चालायचं. एका दुपारी ते स्वतः जिना चढून आले. हातात अर्जाचं शेवटचं पान होतं. त्यात कोर्टाला केलेल्या विनंतीत 'रिलीफ', म्हणजे दाद, असा शब्द हवा होता. तिथं 'कम्फर्ट' छापलं होतं.

"बहनजी, हम हाईकोर्ट से आराम माँग रहे हैं क्या?" असं ते हसत म्हणाले, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

भानुमतीबाईंनी मसुदा काढून बघितला. वकिलांच्या हातचं 'रिलीफ' स्वच्छ दिसत होतं. त्यांनी माफी मागितली, पान नव्यानं काढून दिलं आणि ते गेल्यावर चुकलेलं पान मसुद्याशेजारी मांडून बसल्या. अक्षर चुकणं वेगळं. बोट घसरतं आणि एकाचं दुसरं अक्षर होतं. पण इथं एक अख्खा, नीट स्पेलिंगचा, त्याच अर्थाच्या जवळपासचा शब्द येऊन बसला होता. असा शब्द बोट घसरून येत नाही, तो कुणीतरी विचार करून घालतं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका अर्जात माणूस 'ड्यूटी'वर गैरहजर राहण्याऐवजी 'टॅक्स'वर गैरहजर राहिला. आणखी एक गंमत व्हायची. दोन परिच्छेदांमध्ये त्या नेमानं एक ओळ मोकळी सोडायच्या, ती काही ठिकाणी नाहीशी होऊन परिच्छेद एकमेकांना चिकटून यायचे. कागद वाचवायला ही पोरगी मागून खोडत असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग वाटलं, जी ओळी खोडते ती शब्दही बदलू शकते.

त्यांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली. कुणाला कळू न देता. दिसलं ते असं. ज्या दिवशी स्नेहलता आधी येऊन मशीन लावायची, त्या दिवशीच्या कामात शब्द बदललेले असायचे. ती उशिरा आली, किंवा ताप येऊन घरी राहिली, आणि भानुमतीबाईंनी स्वतः मशीन लावली, की पानं निर्मळ निघायची. शिवाय स्नेहलतानं स्वतः टाइप केलेल्या कागदात एकदाही असं झालं नाही. बदलायचे ते फक्त भानुमतीबाईंचेच शब्द. आता यापुढं आणखी काय पुरावा हवा?

पण का करावं तिनं असं? याचं उत्तर त्यांना ओरछा गेटाच्या बाजारात मिळालं. भाजी घेऊन परतताना त्यांनी बघितलं, चहाच्या टपरीशी स्नेहलता उभी होती आणि तिच्याशी मान हलवून हलवून बोलत होता तो दिवाकर. भानुमतीबाई तशाच एका खांबाआड झाल्या. ऐकू काही आलं नाही. दिवाकरचं ते हळहळणारं तोंड मात्र त्यांच्या ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी स्नेहलता त्याबद्दल काही बोलेल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. ती काही बोलली नाही.

मग तो फिटरचा अर्ज आला. एका सरकारी कारखान्यातून बडतर्फ केलेला माणूस. सगळा दावा 'डिसमिस' या शब्दावर उभा होता, आणि एका परिच्छेदात तिथं 'डिस्चार्ज' छापून गेलं. बडतर्फ करणं वेगळं आणि नोकरीतून मोकळं करणं वेगळं, आणि समोरच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. अलाहाबादहून रिछारिया परतले तेव्हा ते रागावलेही नव्हते, हेच भानुमतीबाईंना जास्त लागलं. त्यांनी एवढंच सांगितलं की दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल, आणि पुढचे काही कागद ते तूर्त दिवाकरकडे देणार आहेत.

वकील जिना उतरले. स्नेहलता कोपऱ्यात पानं टाचत होती.

"दिवाकरनं तुला काय देऊ केलं आहे?" भानुमतीबाईंनी विचारलं.

स्नेहलताला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिचा चेहरा उतरला. "ताई, तुम्ही मला काय म्हणताय?"

"मी काही म्हणत नाही. तू मशीन लावतेस त्या दिवशी शब्द बदलतात. तू नसलीस की बदलत नाहीत. तूच सांग, मी काय समजू?"

स्नेहलतानं टाचलेली पानं सरळ करून टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि जिना उतरून गेली.

पुढचे काही दिवस एकही शब्द बदलला नाही. भानुमतीबाईंना आपलं खरं ठरल्याचं समाधान वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण खोली सुनी झाली होती, आणि छापलेली पानं तपासायला कुणी उरलं नव्हतं. दुपारनंतर डोळ्यांपुढं ओळी हलायच्या. दिवाकर ज्याला त्याला सांगायचा ते आता खरंच होत चाललं होतं. शेवटी नाइलाजानं, स्पेलिंगच्या खात्रीसाठी, त्यांनी स्नेहलतासारखीच सकाळी आधी डिक्शनरी आत घालायला सुरुवात केली.

आणि एका वारलेल्या शिपायाच्या बायकोच्या पेन्शनच्या अर्जात 'विडो'च्या जागी 'रेलिक्ट' असा शब्द छापून आला. भानुमतीबाईंनी तो जन्मात ऐकला नव्हता. शोधून बघितलं तर अर्थ निघाला विधवाच, पण कुठल्या जुन्या जमान्यातला. खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. दाराला कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची.

कुणालाही वाटेल की आता तरी संशय फिटला असेल. तो फिटला नाही, त्यानं नुसता नवा रस्ता धरला. कम्प्युटरलाही रोग लागतो, कुणीतरी तो मुद्दाम सोडतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून येत होतं. जाताना ती पोरगी मशीनमध्ये काहीतरी सोडून गेली, असं भानुमतीबाईंनी ठरवून टाकलं. दुकानाला कुलूप लावून त्या तडक ओरछा गेटात गेल्या.

स्नेहलता उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. तिनं त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. भानुमतीबाईंनी पेल्याला हात लावला नाही.

"तू मशीनमध्ये काही घातलं असशील तर काढून दे. मी कुणाला सांगणार नाही."

स्नेहलतानं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी येते. पण मी मशीनला हात लावणार नाही. तुम्ही टाइप करायचं, मी फक्त बघणार. आणि काही सापडलं नाही, तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

माडीवर आल्यावर स्नेहलता खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, हात मांडीवर घट्ट धरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. भानुमतीबाईंनी सकाळी करतात तसं सगळं केलं. मशीन लावली, डिक्शनरी घातली, एडिटर उघडला, त्या पेन्शनवाल्या बाईचा अर्ज मसुद्याच्या फळीला लावला आणि बोटं सुरू केली. डोळे मसुद्यावर होते, पण लक्ष सगळं शेजारच्या त्या दोन हातांवर. ते हात हलले नाहीत.

परिच्छेद संपला.

"थांबा ताई," स्नेहलता म्हणाली. "एंटर दाबू नका. वर बघा."

भानुमतीबाईंनी मान वर केली. त्यांच्या मजकुरावर एक चौकट उघडली होती. तिच्यात 'विडो' या शब्दाखाली दुसरे शब्द रांगेनं उभे होते, आणि सगळ्यांत वरचा, 'रेलिक्ट', उजळलेला होता.

"ही कुणी उघडली?"

"तुम्ही."

मग स्नेहलतानं त्यांना पुन्हा टाइप करायला लावलं आणि एकेक कळ मोठ्यानं म्हणायला लावली. परिच्छेद संपला की भानुमतीबाई कंट्रोलची कळ धरून 'बी' दाबायच्या. एडिटरमध्ये त्यानं परिच्छेदाच्या ओळी नीट जुळायच्या. या एडिटरात त्या आपोआपच जुळत असल्या तरी बसवायला आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी शिकवलं म्हणून ती त्यांच्या हाताची सवय होऊन गेली होती. आणि त्याच माणसानं डिक्शनरी उघडायलाही त्याच दोन कळा ठेवल्या होत्या, बहुधा विसरून. डिक्शनरी मेमरीत नसली की काही व्हायचं नाही. ती आत असली की आधी तीच जागी व्हायची आणि शेवटच्या शब्दाला तिच्याकडे दुसरे शब्द असले तर चौकट उघडायची. भानुमतीबाई तर मसुद्याकडे बघत. एक ओळ मोकळी सोडायला त्या पाठोपाठ दोनदा एंटर दाबायच्या. पहिल्या एंटरनं रांगेतला वरचा शब्द मूळ शब्दाच्या जागी जाऊन बसायचा आणि चौकट मिटायची, दुसऱ्यानं नवा परिच्छेद सुरू व्हायचा. मोकळी ओळ जायची ती त्यामुळेच. स्नेहलता सगळं डोळ्यांनी बघून टाइप करायची, ओळी जुळवायची कळ तिनं कधी वापरलीच नव्हती.

भानुमतीबाईंनी त्या दोन कळा पुन्हा दाबल्या. चौकट उघडली. मिटवली. पुन्हा दाबल्या. त्यांना अजूनही वाटत होतं, एकदा तरी ती उघडणार नाही.

"मी तुला फार वाईट बोलले," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो. बोललात," स्नेहलता म्हणाली.

खाली दुकानात कुणीतरी कापडाचं थान उलगडत होतं, त्याचा फडफडाट वर येत होता. भानुमतीबाईंना एक गोष्ट अजून टोचत होती. ती विचारू नये हे कळत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवणारही नव्हतं. त्यांनी टपरीवरचं बोलणं काढलं.

"दिवाकरभाऊ मला त्यांच्याकडे बोलावत होते. मी नाही म्हटलं," स्नेहलतानं सांगितलं. "तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तरी तुम्ही संशयच घेतला असता."

भानुमतीबाईंनी मशीन बंद केली.

दुसऱ्या दिवशी त्या रिछारिया वकिलांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहनजी, मशीन अपने आप थोड़े ही लिखती है." आपण ज्या नजरेनं इतके दिवस दुसऱ्याकडे बघत होतो, ती नजर आपल्यावर लागली की कसं वाटतं, ते भानुमतीबाईंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. त्यांनी वाद घातला नाही. वकिलांना माडीवर घेऊन आल्या आणि डोळ्यांदेखत करून दाखवलं. रिछारियांनी स्वतः त्या कळा दाबून बघितल्या, डोकं खाजवलं आणि थांबवलेले कागद परत पाठवायचं कबूल केलं. फिटरच्या अर्जाची दुरुस्ती कोर्टानं मान्य केली. पुढं त्याच्या दाव्याचं काय झालं ते भानुमतीबाईंना कधी समजलं नाही. वकील मात्र नंतर कितीतरी वर्षं, कागद हातात आला की आधी प्रत्येक परिच्छेदाचा शेवटचा शब्द वाचायचे.

स्नेहलता लगेच परत आली नाही. तिनं काही दिवस घेतले आणि मग निरोप पाठवला की दुकानाची एक किल्ली आपल्याकडे राहणार असेल तरच येईन. भानुमतीबाई दोन दिवस अडून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाली जाऊन किल्ली करून आणली. दोघींनी मिळून डिक्शनरीच्या कळा बदलल्या. आता सकाळी मशीन कुणीही लावो, डिक्शनरी आत बसायची आणि बोलावल्याशिवाय वर यायची नाही. भानुमतीबाई अधूनमधून मान वर करून पडद्याकडे बघायला शिकल्या. त्यांचा वेग कमी झाला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा कधी झाला नाही.

पूर्वीसारखी मोकळीक मात्र दोघींत आली नाही. स्नेहलता कामाला चोख होती, ताई ताई म्हणायची, पण भानुमतीबाईंच्या घरी जेवायला बोलावलं तर काहीतरी निमित्त काढायची. नामदेवला नगरला क्वार्टर मिळालं तेव्हा ती गेली. जाण्याआधी तिनं किल्ली टेबलावर ठेवली, वाकून नमस्कार केला, आणि भानुमतीबाईंनी तिला हातात साडी दिली ती तिनं घेतली. एवढंच.

पुढं नवे कम्प्युटर आले. एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दोन खिडक्या उघडून एकीत लिहायचं आणि दुसरीत शब्द बघायचे अशी सोय झाली. भानुमतीबाईंनी मदतीला सरला नावाची चाळिशीतली बाई ठेवली. ती रोज चिरगाँवहून बसनं यायची. काही महिन्यांनी भानुमतीबाईंच्या लक्षात आलं की दुपारच्या जेवणाच्या वेळी सरला डबा लवकर आटपून मशीनशी बसते, आणि जिन्यावर त्यांचं पाऊल वाजलं की पडद्यावरचं मिटवते. तोच जुना संशय जागा झाला. चार दिवस त्यांनी तसेच काढले. पाचव्या दिवशी त्या मुद्दाम पाय वाजवत वर आल्या, खुर्ची ओढून सरलाच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "काय लिहितेस?"

सरला गडबडली. मग तिनं मिटवलेला मजकूर पडद्यावर पुन्हा उघडला. चिरगाँवच्या एका शाळेत कारकुनाची जागा निघाली होती, त्या जागेसाठीचा अर्ज होता तो. रोजचा बसचा प्रवास आता तिला झेपत नव्हता.

भानुमतीबाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. दोन स्पेलिंगं दुरुस्त केली, एक वाक्य मोडून सोपं केलं, आणि चांगला जाड कागद लावून तो स्वतः छापून दिला.